कोबाल्टवरचा आळ

१२ जानेवारी

ती. वहिनींस, सा. न. वि. वि.

उशीर झाला, कान धरतो. रसायनशास्त्रातल्या शब्दांच्या जन्मकथांचं पुस्तक लिहितोय. काल 'कोबाल्ट' लिहिला. आपला दादा मातीच्या भांड्यांना द्यायचा, त्या निळ्या झिलईचीच गोष्ट. जर्मन खाणकामगारांना चांदीसारखा खडक सापडायचा. भाजला की चांदी नाहीच, वर धुराने माणसं आजारी पडायची. त्यांनी खापर फोडलं खाणीतल्या 'कोबोल्ड' नावाच्या भुतावर. त्यावरून कोबाल्ट. खरं विष खडकातल्या सोमलाचं, म्हणजे आर्सेनिकचं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

लेकीचं लग्न ठरलंय, पुढच्या महिन्यात. तिला तिची काकू हवीच आहे. आईचं म्हणणं, तुम्ही लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सावकाश आलात तर बरं. तिचा स्वभाव तुम्ही जाणताच.

माया पातळ होऊ देऊ नये.

तुमचा धाकटा दीर

२० जानेवारी

चि. भाऊजींना अनेक आशीर्वाद.

लेकीचं ऐकून फार आनंद झाला. जास्त होऊ देत नाही. माझीच दृष्ट लागली म्हणाल.

तुमची गोष्ट वाचली आणि जेवण गेलं नाही. स्वस्त पडतो म्हणून हे तोच कच्चा खडक मागच्या खोलीत भाजायचे. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते म्हणून त्या खोलीचं धुराडं आईंनी बुजवून घेतलं. वर्षभरात हे गेले आणि पांढऱ्या पायाची मी ठरले. मी घर सोडल्यावर धुराडं पुन्हा उघडलं, असं ऐकते. म्हणजे कळलं होतं सगळ्यांना.

दुसऱ्या दिवशी मी येणार नाही. लग्नाआधी आईंना चारचौघांत एवढंच सांगा, की दादा धुराने गेला. तसं कळवलंत की मी निघते.

आहे तो जिव्हाळा राहावा.

वहिनी

५ मार्च

ती. वहिनींस, सा. न. वि. वि.

लग्न छान पार पडलं. लेक तुमची वाट बघत होती. आईचं वय झालंय, आता तिच्या जिवाला घोर कशाला, म्हणून काही बोललो नाही. तुम्ही समजूतदार आहात.

पुस्तक निघालं, सोबत पाठवतोय. कोबाल्टचं पान सगळ्यांना आवडलं. आईने तर दोनदा वाचून घेतलं. त्या भुताची फार कीव आली म्हणाली.

राग नसावा, माया असावी.

तुमचा धाकटा दीर

१४ मार्च

भाऊजी,

पुस्तक मिळालं, परत पाठवते आहे. आईंना कीव येते हे त्या घरात असताना मला कधी दिसलं नाही.

लग्नाच्या दिवशी अंधार पडेपर्यंत मी पिशवी भरून दाराशी बसले होते. हे लेकीला सांगा. एवढं सांगितल्याने तरी कुणाच्या जिवाला घोर लागणार नाही.

माया मागत नाही.

वहिनी