घोड्याच्या दातांची पाठवणी

सारंगखेडा,
माघ वद्य पंचमी, सन १९३४

तीर्थस्वरूप मगनदादा यांसी धाकट्या मावसभावाचे, दौलतचे, साष्टांग दंडवत. इकडे सर्व खुशाल आहेत, मी सोडून. वहिनींची कंबर कशी आहे?

परवा मी दगाआबांना घेऊन तुमच्या शहरी आलो होतो आणि तुम्हाला न भेटताच पळालो. रागावू नका, पुढे वाचा. दगाआबा म्हणजे आमच्याकडचे घोड्यांचे दलाल. (त्यांची मुलगी कमलीबाई मला द्यायची की नाही, हे त्यांच्या ओठांवर काही येत नाही.) जावई शिकलेला आहे हे दिसावे, म्हणून मी त्यांना अजबखाना दाखवायला नेले. दादा, ही फार बिकट जागा. मेलेल्यांना काचेत थाटात बसवतात आणि जिवंतांना खोकूही देत नाहीत. तिथे कोण्या संस्थानिकाचा पेंढा भरलेला घोडा काचेबाहेर उभा होता. मी पाटी मोठ्याने वाचली : वय आठ वर्षे. ('हात लावू नये' ही दुसरी पाटी मनातल्या मनात वाचली. होणाऱ्या सासऱ्याला सांगणार कोण?) आता घोड्याचे वय आबा पाटीवरून थोडेच मानणार? त्यांनी दात बघायला घोड्याचा ओठ खाली ओढला, अंगठा आत घातला, आणि खालचे दात लाकडी पट्टीसकट त्यांच्या हातात आले. तेवढ्यात पहारेकऱ्याचे बूट वाजले.

आबांनी उपरण्याखाली माझा हात घट्ट धरला. (आमच्या बाजारात सौदा असाच ठरतो, उपरण्याखाली बोटे दाबून, तोंडाने चकार शब्द नाही.) मला वाटले, आबांनी इथेच होकार दिला. डोळे भरून आले. मग तळहाताला काहीतरी गार लागले. दात माझ्या हवाली झाले होते. पहारेकरी आमच्या झाकलेल्या हातांकडे बघत राहिला आणि काय चालले आहे, असे विचारू लागला.

"घोडा देखी ऱ्हायनू, भाऊ," आबा म्हणाले.

हा घोडा विकाऊ नाही, असे त्याने फार समजुतीने सांगितले आणि दारापर्यंत सोडायला आला. हात तसेच उपरण्याखाली. तेवढे अंतर मी कसा चाललो ते माझे मला ठाऊक. नंदुरबारला गाडीतून उतरल्यावर आबा एवढेच बोलले, "ज्याना दात त्याना तोंडमा जावाले पाहिजेत. तोपावत मन्ही पोरनं नाव काढू नको."

तेव्हापासून मला घास गिळवत नाही. पुढच्या आठवड्यात साक्रीकडचे एक स्थळ कमलीबाईला पाहायला येत आहे.

घरातल्या मोठ्यांच्या पाया पडतो, लहानांचे गाल ओढतो.

आपला,
दौलत

ता. क. : सोबतच्या डब्यात वहिनींसाठी ज्वारीचे पापड आहेत. पापडांखाली दात आहेत. डबा वहिनींच्या आधी तुम्ही उघडावा. दात बसवून आलात की आबांच्या नावाने दोन ओळी टाकाव्यात.

आणखी ता. क. : आबा म्हणतात, घोडा अठराच्या खाली नाही, पाटी बदलायला सांगा. कृपा करून सांगू नका. दात कुणी पाहिले, असे विचारतील.

शेवटचा ता. क. : पत्र टाकायला निघालो तर वाटेत कमलीबाई भेटली. (सोबत तिची काकू होती, काळजी नसावी.) तिला सगळे ठाऊक आहे. जाता जाता हळूच म्हणाली, "दात कव्हा बी बसाडोत. 'बसाडात' अशी चिठ्ठी मातर लवकर येऊ द्या."