तिसरा हात

नेकनूर, मंगळवार, ९ डिसेंबर

आज रुपालीवर उगीच ओरडले. संध्याकाळपासून तेच डोक्यात आहे.

तिसरीच्या वर्गाला एका गुलाम मुलाच्या गोष्टीचं चित्रांचं पुस्तक वाचून दाखवलं. मालकाच्या तावडीतून सुटायची आस लागलेला मुलगा शेवटी पळून नदीपार जातो. शेवटच्या पानावर तो मोकळ्या माळावर एकटाच उभा, दोन्ही हात पसरून. माझं सगळ्यात आवडतं चित्र! पोरांनी टाळ्या वाजवल्या. रुपाली मात्र चित्राकडेच बघत राहिली. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, म्हणून धाकट्या बहिणीला कडेवर घेऊनच ती शाळेत येते.

मधल्या सुट्टीनंतर बघते तर चित्रातल्या त्या मुलाच्या कडेवर पेन्सिलीनं लहानगी पोर काढलेली.

"पुस्तक का खराब केलंस?"

"मॅडम, त्यो एकलाच हाय. सुटला, पन आता बोलंल कोनासंग?"

मी आवाजच चढवला. असं का करते मी?

खोडायला म्हणून पुस्तक घरी आणलं. घर कसलं, भाड्याची खोली. सासर कायमचं सोडून आले, तेव्हा मीही इथं अशीच हात पसरून उभी राहिले होते. केवढी खूश होते!

खोडरबर टेकवलं आणि थांबले. पसरलेले दोन्ही हात रुपालीनं तसेच ठेवलेत. पोर पडू नये म्हणून मुलाला तिसरा हात काढलाय.

खोडलं नाही. खरंच गं रुपाली, शाळा सुटल्यापासून मी कुणाशी एक शब्द बोललेले नाही.