साडेपाच विती

३ मार्च, मंगळवार

ठरलं! ट्रक करायचा. लेक भिंगरी चालवते तोच — लष्करी, सहा चाकांचा, मागे ताडपत्रीचा हौदा. खऱ्याच्या चौदाव्या हिश्श्याएवढा आणि रिमोटवर चालणारा. तयार संच आणून जोडायचा नाही. पत्रा, प्लास्टिकचे ताव, पितळी सळ्या आणायच्या आणि सगळं आपल्या हातानं.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "कवळ्या करून करून जगातले दात संपले वाटतं!"

हसा. आयुष्यभर लॅबमध्ये बसून परक्यांच्या तोंडात चपखल बसतील असे दात केले. ट्रकचं काय एवढं?

खरं कारण फक्त इथे लिहिते. लेक फोनवर बोलत नाही. "जेवलीस?" — "जेवले." "बरी आहेस?" — "बरी आहे." "थंडी?" — "आहे." संपलं! सैन्यात गेल्यापासून हे असंच. माझी काळजी तिला टोचते, म्हणून ती बोलायचंच टाळते. परवा सहज विचारलं, तुझ्या ट्रकचं दार कसं गं उघडतं? — तर अर्धा तास बोलली! पायरीवर आधी कुठला पाय ठेवायचा, इथपासून. मध्ये खळखळून हसलीसुद्धा. फोन ठेवला आणि मला कितीतरी दिवसांनी नीट भूक लागली.

म्हणून ट्रक. विचारायला काहीतरी हवं.

५ मार्च, गुरुवार

फोटो मिळणार नाहीत. "नियम आहे, आई. गाडीचा फोटो नाही, आणि आम्ही कुठे आहोत तेही नाही." मग मापं? "मापांचं काय गं, असले जुने ट्रक भंगारातही मिळतात. टेप नाहीये, पण वितीनं मोजून सांगते. थांब."

थांबले. पलीकडे वारा. कुणीतरी काहीतरी ओरडलं, ही हसली.

टायर — साडेपाच विती उंच. बंपर जमिनीपासून तीन विती. दार साडेसहा.

भिंगरीची वीत मला ठाऊक आहे. हातमोजे विणायचे म्हणून ती निघायच्या आधी तिचा पंजा कागदावर आखून घेतला होता. एकोणीस सेंटीमीटर. गुणलं, चौदानं भागलं, पहिला कागद भरला!

८ मार्च, रविवार

मॉडेलच्या दुकानात जाऊन आले. दुकानदार म्हणाला, "नातवासाठी का, ताई?" म्हटलं, "माझ्यासाठी." त्यानं बिचाऱ्यानं लगेच लाल रंगाची शर्यतीची मोटार काढली. नको म्हटलं. पळणारं नको, चढणारं हवं. सगळ्या चाकांना जोर मिळायला हवा.

मग मात्र नीट बोलला. "मोटर शेवटी घ्या. आधी आराखडा पक्का करा. पत्रा एकदा कापला की कापला."

हे मला बरंच झालं. आराखडा पक्का व्हायला कितीही वेळ लागू शकतो. प्रश्न पुष्कळ आहेत.

१२ मार्च, गुरुवार

लॅबमध्ये टायरचा नमुना ओतून पाहिला. रबर नव्हतं, म्हणून हिरडीचं गुलाबी मटेरियल वापरलं. मोठे डॉक्टर नेमके तेव्हाच आले. हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "पेशंट कोण आहे हा?" सगळे फिदीफिदी. मीही हसले.

नक्षी मात्र झकास उठली आहे. भिंगरीला सांगायचं. रविवारी फोन येईल.

१५ मार्च, रविवार

नाही आला.

१६ मार्च, सोमवार

नाही. मी केला — बंद.

हे म्हणतात, "रेंज नसेल. डोंगर आहेत तिथे." पुन्हा केला. बंद. "तू ना, पाय घसरायच्या आधीच पडून घेतेस!"

लॅबमध्ये एका कवळीचे वरचे दात खालच्या जबड्यात बसवायला निघाले होते. पोरींनी थांबवलं.

१७ मार्च, मंगळवार

नाही.

१८ मार्च, बुधवार

हे अचानक बाहेरगावी गेले. कुठल्याशा इमारतीची लिफ्ट अडकली आहे म्हणे, इथला लिफ्टवाला हवा. तिथे काय लिफ्टवाल्यांचा दुष्काळ पडलाय? पण ह्यांचं हे नेहमीचं — "आपलं आयुष्यच वर-खाली." आज तो विनोद केला नाही. डबाही विसरून गेले.

ट्रकच्या मागच्या आसाचं चित्र तीनदा काढलं. तीनदा खोडलं.

२१ मार्च, शनिवार

आला! आला फोन!!

"सर्दी झालीये गं, म्हणून आवाज असा." आवाज खरंच कसासाच. सावकाश बोलते, शब्द मोजून. म्हटलं, दमली असशील, ठेव. तर म्हणाली, "नको ठेवूस. विचार ना ट्रकचं काहीतरी."

विचारलं — जादाचं चाक कुठे टांगलेलं असतं?

 म्हणाली, "बघून सांगते."

मागे कुणीतरी लोखंडी चाकांचं काहीतरी ढकलत नेलं. खडखड, खडखड. गोदाम असेल.

हे कालच परतले. लिफ्ट सुटली का विचारलं, तर म्हणाले, "कुठली?"

२६ मार्च, गुरुवार

काहीतरी चुकतंय आणि कुठे ते सापडत नाही.

पुठ्ठ्याची केबिन केली, मापानुसार. ड्रायव्हर म्हणून मेणाची भिंगरी केली — इवलीशी, केस कापलेली. सीटवर बसवली. डोकं छताला! मान वाकवावी तेव्हा कुठे मावते. आणि ती तर म्हणाली होती, "ऐसपैस आहे गं, आत नाचता येईल."

गुणाकार तपासले. बरोबर आहेत. ट्रक एकूणच लहान झालाय, सगळीकडून सारखा. नुसता पाहिला तर काही खटकत नाही. माणूस बसवला की कळतं.

मनात भलतंसलतं येतं. एवढ्याशा डब्यात पोरीला कोंबल्यासारखं वाटलं. तिला काढून टेबलावर उभी केली.

२९ मार्च, रविवार

फोन आला. तीच सर्दी. एवढे दिवस कुठली सर्दी राहते? म्हटलं, टायर पुन्हा मोज, केबिन जुळत नाही. "बघून सांगते."

पूर्वी कधी "बघून सांगते" नव्हतं! "थांब" म्हणायची आणि फोन न ठेवता तिथल्या तिथे माप सांगायची.

जेवताना ह्यांना म्हटलं, भिंगरीला टायर पुन्हा मोजायला सांगितलाय. ताटातून डोकं वर न काढता म्हणाले, "एकशे बावीस असेल."

"तुम्हाला काय माहीत?"

"अंदाज."

३० मार्च, सोमवार

भिंगरीचा फोन. नेहमीचा वार नव्हे, मुद्दाम केला. "आई, टायर एकशे बावीस सेंटीमीटर."

सेंटीमीटर! "टेप कुठून आली गं?"

"मिळाली."

एकशे बावीस. काल ह्यांच्या तोंडून, आज हिच्या तोंडून.  मापं मुलीकडून इकडे येत नाहीत. इकडून तिकडे जाऊन परत येताहेत.

ती ट्रकजवळ नाहीच.

३१ मार्च, मंगळवार

सकाळी हे बूट घालत होते. दाराला आतून कडी लावली आणि कडीपाशीच उभी राहिले. "ती कुठे आहे?"

एक बूट पायात, एक हातात, तसेच खाली बसले. "ती जिवंत आहे. आधी एवढं ऐक."

ट्रक दरीत गेला. रस्त्याची कड खचली. मांडीचं हाड मोडलंय, ऑपरेशन झालंय, लष्कराच्या हॉस्पिटलात आहे. अधिकाऱ्याचा फोन ह्यांना आला होता. लिफ्टबिफ्ट काही नव्हतं, हे तिलाच बघून आले. भिंगरीनं शपथ घातली — "आईला सांगू नका, ती काळजीनं अर्धी होईल. मी उभी राहिले की मीच सांगेन." आणि मी जे जे विचारायची, ते तिला आठवेना. म्हणून हे कामावर बसून इंटरनेटवर ट्रकची मापं शोधायचे आणि तिला कळवायचे!

"तू विचारायचीस, ती मला विचारायची," म्हणाले, आणि रडायला लागले. लग्न झाल्यापासून ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला मात्र एक टिपूस येईना. म्हटलं, बूट घाला. निघायचंय.

आणि सारखं हेच — ती तिथे पाय टांगून पडली होती, आणि मी विचारत होते, जादाचं चाक कुठे टांगतात.

२ एप्रिल, गुरुवार

पाहिली. हात लावून पाहिली.

लांबच लांब खोली, दोन्हीकडे खाटा, भिंतीला अर्ध्यापर्यंत हिरवा रंग. ती खिडकीजवळ. गाल आत गेलेत. औषधांची ढकलगाडी आली — खडखड, खडखड. तो आवाज!

ती म्हणाली, "ओरड ना एकदाची."

नाही ओरडले. केस विंचरायला घेतले, तर विंचरण्याइतके केसच नाहीत. दोघी हसलो. मग ती जी रडली! नर्सताई डोकावून गेली.

म्हटलं, "मी मूर्खासारखी ट्रक ट्रक करत राहिले. तुला किती त्रास झाला असेल."

"नाही गं. डोळे मिटले की ती गाडी मला उलटलेलीच दिसते. तू काही विचारलंस, की तेवढा वेळ चाकांवर उभी असायची."

३ एप्रिल, शुक्रवार

आज सगळं बोलली. हे बाहेर चहा आणायला गेले होते तेव्हा.

गाडीत ती एकटी नव्हती. शेजारच्या सीटवर तिचा जोडीदार होता. त्याला सगळे 'मास्तर' म्हणायचे — ह्याचं अक्षर सुधार, त्याचा नकाशा सुधार! तो जागच्या जागी गेला.

"आई, ती मापं माझी नव्हती. मी फोनवर तुझ्याशी बोलत असायचे आणि तो मोजायचा. साडेपाच विती म्हणून तोच ओरडला होता. वीत त्याची होती."

मोठ्या हाताचा मुलगा. आणि मी ती भिंगरीच्या वितीनं गुणली. म्हणून ट्रक आखूड झाला.

खरं लिहायचं तर — तिनं 'जागच्या जागी' म्हटलं तेव्हा माझ्या मनात आधी आलं, माझी वाचली. दुसऱ्याच्या पोराचा विचार नंतर आला. जरा नंतरच, पण नंतर. आणि डॉक्टर म्हणाले, "चालेल, पण अवजड गाडी आता चालवू शकणार नाही," तेव्हा भिंगरीनं तोंड फिरवलं. मला मात्र पेढे वाटावेसे वाटले! आई आहे की कोण आहे मी?

६ एप्रिल, सोमवार

परत आले. रजा संपली. हे तिथेच आहेत, मी शनिवारी पुन्हा जाईन.

लॅबमध्ये मोठ्या डॉक्टरांनी तो गुलाबी टायर अजून टेबलावर ठेवलाय, कागद उडू नयेत म्हणून. म्हणाले, "पेशंट कसा आहे?" त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. 

७ एप्रिल, मंगळवार

आराखडे गुंडाळून माळ्यावर टाकले. पुठ्ठ्याची केबिनही. ज्यात एक पोरगा गेला, त्याचं खेळणं करून बैठकीत फिरवायचं? रिमोटवर? आपल्याला शोभत नाही.

ह्यांना फोनवर सांगितलं.  म्हणाले, "तिला विचारलंस का?"

नाही विचारलं. तिला आता काही विचारायचंच नाही.

११ एप्रिल, शनिवार

भिंगरी कुबड्यांवर उभी राहिली! दारापर्यंत गेली आणि घामाघूम होऊन परत आली. मी मागे-मागे हात पसरून, कोंबडीसारखी. "आई, धरू नकोस!" नाही धरलं. पण हात खाली घेतले नाहीत.

निघताना म्हणाली, "ट्रक कुठवर आला?" थाप मारली — मोटर यायची आहे. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. थापा मारायला मी तिच्याइतकी शिकलेली नाही.

गाडीत बसल्यावर तेच तेच घोळत राहिलं. तिला कळलं असेल. तिला वाईट वाटलं असेल. की बरं वाटलं? काही समजत नाही. धड सांगायला जावं तरी भीती, न सांगावं तरी भीती.

१९ एप्रिल, रविवार

दुपारी अनोळखी नंबर. बाईचा आवाज, दबका. "तुमच्या मुलीनं नंबर दिला. मी मास्तरची आई."

मी उठून उभी राहिले.  त्याच बोलल्या. "तुम्ही त्यांचा ट्रक करताय ना? झाला की बघायला येईन म्हणते. चालेल?" मग, "तो असेल ना त्यात, शेजारच्या सीटवर?"

म्हटलं, "असेल."

"मग त्याच्या बाजूची काच खाली ठेवा, ताई. बंद खिडकीत त्याला लहानपणापासून मळमळतं."

ठेवते म्हटलं.