दाब, धर, सोड

५ फेब्रुवारी, रविवार

गाडी आली. तो स्वतः घेऊन आला. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच गॅरेजात पाऊल टाकलं त्यानं. म्हणाला, "शॉक, स्प्रिंग, ब्रेक — सगळं नवीन टाक. काम तूच कर. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

भरवसा! हा शब्द त्याच्या तोंडून.

दादा ऑफिसच्या काचेतून बघत होता. तो गेल्यावर म्हणाला, "बाकीची गॅरेजं काय बंद पडलीत? नवरा म्हणून सोडलंस, मग गिऱ्हाईक म्हणून कशाला धरून ठेवतेस?"

मी नाही सोडलं. त्यानं सोडलं. आणि घटस्फोटाच्या कागदांवर सह्या अजून झालेल्या नाहीत. हे दादाला बोलले नाही.

६ फेब्रुवारी

लिफ्टवर चढवली. हिचं इंजिन आम्ही दोघांनीच उतरवलं होतं. टर्बो बसवला, ताकद जवळजवळ दुप्पट केली. ब्रेक मात्र कंपनीचेच राहिले. मी म्हणत होते, आधी थांबायचं बघू. त्याला घाई.

आज डिस्क पाहिल्या — तापून तापून निळ्या पडल्यात. चाकांच्या सांध्यांतल्या बुशांचं रबर फाटलेलं. असल्या गाडीत हा माणूस इतके दिवस फिरत होता. त्याला झापायला फोन उचलला. मग स्वतःचाच राग आला. मी त्याची काळजी करायचं कारण काय आता?

८ फेब्रुवारी

मागचा शॉक निघेना. बोल्ट गंजून बसलेला. पान्याला पाइप लावून जोर केला तेव्हा एकदम सुटला, बोटं सोलली. तिथेच बसून रडून घेतलं. दादाला वाटलं बोटांसाठी. मलम आणून दिलं. बरं झालं.

१२ फेब्रुवारी, रविवार

नवी डिस्क जुन्या चाकात मावेना. त्याला फोन केला. मोठी चाकं घेऊन आला, आणि थांबला.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पॅडलवर, एक चाकाशी. मी दादाला हाक मारणार, तेवढ्यात तोच सीटवर जाऊन बसला.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

मी नट सैल करायचा, तेलातून बुडबुडे यायचे, नट परत आवळायचा. "सोड." की पुन्हा पहिल्यापासून. एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. नुसते आवाज, पूर्वीसारखे.

शेवटच्या चाकाला मी "सोड" म्हणायला उशीर केला. बुडबुडे केव्हाच संपले होते. तो पाय दाबून बसून राहिला.

१३ फेब्रुवारी

कामाला हात लागत नाही.

१६ फेब्रुवारी

शॉक कडक-मऊ करायला वर चकती आहे. मी आमच्या जुन्या सवयीनं कडक ठेवली. तो एक चक्कर मारून आला. "मऊ कर."

"वळणावर झुकेल."

"झुकू दे. खड्ड्यात दणका बसतो, तो नको."

हाच माणूस मला सांगायचा, रस्ता पाठीच्या कण्यात कळला पाहिजे. विचारलं, म्हातारा झालास काय? हसला. "तसं समज."

किती दिवसांनी हसला माझ्यासमोर.

१९ फेब्रुवारी, रविवार

नवे पॅड डिस्कवर घासून बसवावे लागतात. शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. मी चालवत होते. वेग घ्यायचा, ब्रेक करकचून दाबायचा, पुरतं न थांबता पुन्हा वेग. जळका वास सुटला. मग गार होईस्तोवर ब्रेकला पाय न लावता हळू हळू हिंडायचं. तेव्हा तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आता निर्धास्त वाटतं. आता घरच्या माणसाला हिच्यात बसवता येईल."

घरचं माणूस. मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

घरी येऊन कपाटातली त्याची बाजू रिकामी केली. माझेच कपडे पसरले होते तिथे. घड्या घालून इकडे आणले. वेडी कुठली.

२२ फेब्रुवारी

गाडी न्यायला आला. किल्ली घेतली, तरी घुटमळत होता. "मागची सीट आहे का गं अजून? वजन कमी करायला काढली होती आपण."

माळ्यावर आहे म्हटलं. कशाला?

"बाळाची खुर्ची बांधायला. एप्रिलमध्ये —"

मूल नको, हे त्याचंच म्हणणं होतं. मी मान्य केलं होतं.

सीट काढून आणली, पुसली, बसवली. बोल्ट आवळले. पट्टे ओढून ओढून पाहिले. पक्के आहेत.