मोनाच्या पुढची गाडी

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार. सकाळी ६.१०

गोठ्यात पालथ्या बादलीवर बसून बाबांच्या माघारी राहिलेल्या मोटरसायकलला सायलेन्सर परत बसवत होतो. पाडव्यासाठी काढला होता. एका बोल्टचे आटे गेलेत — तो घट्ट होईपर्यंत उठायचं नाही असं ठरवलं होतं. तेवढ्यात काका वैरण टाकता टाकता म्हणाले, "शुक्रवारी शिरोळचे अण्णासो येत्यात. मोनाला न्यायला."

"ठरलं?"

"ठरलं. तिसऱ्या मजल्यावर म्हस चढती व्हय?"

बोल्ट हातातून पडला. शेणात!

मालकाला ही जागा बांधायला हवी आहे. दहा तारखेच्या आत मंगळवार पेठ सोडायची. कसबा बावड्यातला फ्लॅट मीच बघितला, सहीही माझीच. बाकीच्या दोन म्हशी दसऱ्यालाच गेल्या, तेव्हा मला एवढं काही वाटलं नाही. मोनासाठी बावड्यात गोठा मिळतो का म्हणून चार मळ्यांत विचारून आलो. सगळ्यांचं एकच — "बांधा की, पण राखणीला माणूस तुमचा." मी दिवसभर दुकानात. काकांच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं. आई म्हणते, म्हशीपायी तू नोकरी सोडणार का?

नाही सोडणार. सोडायची हिंमतही नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

आईने भांडी बांधली. मी प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहिलं. आई म्हणाली, "मला वाचता येत न्हाई, काकाला चष्म्याबिगार दिसत न्हाई, तुला सगळं पाठ. लिवतोस कुणासाठी रं?"

उरलेल्या खोक्यांवरही लिहिलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी दुकानात वीज नव्हती. फ्लेक्सचं मशीन बंद, सगळे बसून. माझ्याबरोबर काम करणारा केरबा विचारत होता, वर्षात कुणी काय काय बघितलं. त्याने मोबाईलवर बघितलेल्या मालिकांची नावं घेतली, दुसऱ्याने मॅच सांगितल्या. मला म्हणाला, "आन् धैर्या, तू?"

मी म्हणालो, "काही नाही."

खरं काय सांगणार? म्हशीची मान बघितली. आरशात.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत आम्ही नुसते बघे होतो. पाडव्याला रस्त्याच्या कडेला मी दोन्ही कानांवर हात घेऊन उभा. सायलेन्सर काढलेल्या गाड्या पुढे, आणि त्यांच्या मागे शिंगं रंगवलेल्या, मोरपिसं लावलेल्या म्हशी धावत येतायत, कुणी दावं धरलेलं नाही! काका म्हणाले, "आपली मोना पळंल."

"गाडी कोण चालवणार?"

"तू. तुझ्या बापाची गाडी काय भिंतीला टेकवून ठेवायला हाय?"

मी सिग्नल हिरवा झाला तरी दोन्हीकडे बघून निघणारा माणूस. रात्री दार लावलं की उठून परत बघणारा. पण काकांना नाही म्हणता आलं नाही. पहाटे गल्ली रिकामी असायची तेव्हा सुरुवात केली. पहिला महिना मोना जागची हलली नाही. उभी राहून रवंथ करायची आणि माझ्याकडे असं बघायची, जणू मीच चुकून तिच्या गोठ्यात आलोय. मग काकांनी आंबोणाची, भिजवलेल्या पेंडीची पाटी गाडीच्या कॅरियरला बांधली. ती पाटीमागे चालायला लागली. मग पळायला लागली. संक्रांतीनंतर पाटी काढली — तरी आली! नुसत्या आवाजावर.

काका सांगायचे, "आरशात बघ. मागं वळू नकोस. तू वळलास की ती थांबती."

सकाळ-संध्याकाळ एक फेरी झाली की काका लगेच धारेला बसायचे. मी शेजारी गाडीवरच. गाडी बंद करत नव्हतो — बंद केली आणि परत चालूच झाली नाही तर? समोरच्या धोंडुबाई खिडकीतून ओरडायच्या, "दूध काढायलाईसा का पीठ दळायलाईसा रं?" कट्ट्यावर धारोष्ण दुधाचे पेले घेऊन बसलेली गिऱ्हाइकं हसायची. मला पहिल्यांदा लाज वाटायची. मग वाटेनाशी झाली.

यंदाच्या पाडव्याला शिंगं निळी रंगवली. अंगावरचे केस भादरून पाठीवर नाव काढलं, कवड्यांची माळ घातली. पुढे हलगी, दोन्हीकडे माणसंच माणसं, आणि मी मधून गाडी नेतोय. कानांवर हात नाहीत. आरशात तिची मान वर, शेपूट वर. मला कशाचीच भीती वाटली नाही. वर्षभरात अशी ती एकच जागा — तिच्या पुढे.

गल्लीतल्या आदर्शने एकदा त्याची नवी गाडी तिच्यासमोर नेऊन बघितली होती. किती रेस केली! मोना ढिम्म. आदर्श म्हणाला, "भावा, ही तुझीच हाय."

वीज आली. तीन शुभेच्छा फलक छापले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अण्णासो आले. पांढरी टोपी, पांढरे कपडे, हळू बोलणारा माणूस. शिरोळकडे मळा आहे, बारा-चौदा जनावरं आहेत. मोनाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "देखणी हाय. स्वभावानं कशी, हंबीरराव?"

काका म्हणाले, "माझ्यापरास बरी."

काकांनी धार काढून दाखवली, मी नेहमीसारखा शेजारी, गाडी चालू. अण्णासोंना पसंत पडली. मग टेम्पोला फळी लावली, आणि मोनाने चारही पाय रोवले. पुढून दोघांनी ओढलं, मागून दोघांनी रेटलं. एकाने शेपूट पिरगाळली, तेव्हा काका त्याच्यावर असे ओरडले की तो लांब जाऊन उभा राहिला. टेम्पोवाला घाई करत होता. गल्ली अडलेली. धोंडुबाई वरून, "जायचं न्हाई तिला! कळतं की मुक्या जनावराला!"

काका माझ्याकडे बघत नव्हते. मग बघितलं. मग गाडीकडे.

मला कळलं.

गाडी टेम्पोच्या पुढे, केबिनजवळ नेऊन लावली. किक मारली. रेस केली. आरशात दिसत नव्हतं — मध्ये टेम्पो. फळीवर खुरांचा आवाज मात्र आला. एकदाही न थांबता. आपली आपण चढली.

अण्णासो म्हणाले, "नाद खुळा! असलं कधी बघितलं न्हाई!" लोक टाळ्या वाजवत होते. फळी वर घेतली, साखळी लावली, टेम्पो गेला. मी गाडीवर तसाच, गाडी चालू. शेवटी आईने येऊन चावी फिरवली.

९ नोव्हेंबर, रविवार

बावड्याला आलो. खोकी बरोबर लागली, एकही चुकलं नाही. तिसरा मजला. लिफ्ट आहे, पण काका म्हणतात, "पेटीत बसून वर जायला मी काय मढं हाय?" कंबर धरून जिने चढतात.

पहाटे उठलो तर ते गॅलरीत. खुर्ची असून जमिनीवर उकिडवे बसलेले. समोर कारखान्याची चिमणी.

म्हटलं, "काका, झोपा की."

"व्हय," म्हणाले. बसून राहिले.

१० नोव्हेंबर, सोमवार

पिशवीचं दूध आलं. काकांनी चहा कोरा घेतला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अण्णासोंचा फोन. स्पीकरवर लावला.

"हंबीरराव, म्हस खाती, पिती, बसती. दूध देत न्हाई. कास भरून येती, पान्हाच सोडत न्हाई. दोन पेले निघाले तर निघाले."

काका ताठ बसले. "रेडकू आषाढात गेलं, तवापास्नं आंबोणावर देती. आंबोण घालतायसा न्हवं?"

"सगळं घालून झालं. अंगाला हात लावून, गोंजारून झालं. डॉक्टर इंजेक्शन देतो म्हणालाय, आमच्या पोरीला, अक्काला ते पटत न्हाई. मलाबी न्हाई. पण अशानं कास खराब व्हईल. आटली तर मग..."

आटलेल्या म्हशीला बाजार दाखवतात, आणि त्या बाजारातून ती कुठे जाते हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "माझ्या हातात काय खोट होती काय रं?"

मी रोज गाडीवर शेजारी बसून बघितलंय. काहीच खोट नव्हती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कळलं! कसं ते नीट लिहितो.

सकाळी चहा घेत होतो. काका भिंतीला टेकून. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी जुनी गाडी चालू केली, फट-फट-फट. माझं लक्ष नव्हतं. आई म्हणाली, "भावजी, हाताला काय झालं?"

काकांची बोटं मांडीवर हलत होती. अंगठा आत, बाकीची वरून खाली, एकापाठोपाठ. धार काढल्यासारखी. त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

खालची गाडी गेली. बोटं थांबली.

काका माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे.

"तू गाडी बंदच करत न्हवतास," काका म्हणाले.

"भीती वाटायची. परत चालू झाली नाही तर म्हणून."

"वरीसभर! दोन्ही वक्ताला! आरं खुळ्या, तिला वाटतंय गाडी वाजल्याबिगार धारच न्हाई!"

आई तोंडावर पदर घेऊन हसत होती. काका चिडले होते की काय ते कळलं नाही, पण त्यांनी दुसरा चहा मागितला. दूध घालून.

लगेच खाली जाऊन गाडीचा आवाज मोबाईलवर घेतला आणि अण्णासोंना पाठवला. संध्याकाळी त्यांच्या थोरल्या मुलीचा निरोप आला. त्रिशला नाव, घरात अक्का म्हणतात, जनावरांचं सगळं तीच बघते. "कान टवकारले. इकडेतिकडे बघितलं. मोबाईल चाटला. दूध नाही."

१६ नोव्हेंबर, रविवार. रात्री घरी

काकांना मागे बसवून गाडीवर शिरोळला गेलो. कमरेसाठी वाटेत चार वेळा थांबलो. एवढ्या लांब मी कधी गाडी नेलेली नाही.

पोचलो तर आधी जेवायला बसवलं. अण्णासो म्हणाले, "आमच्या जैनांत दिवस मावळायच्या आत जेवत्यात, पावणं. मग धारा." पानावरून गोठा दिसत होता, पण मोना दुसऱ्या टोकाला.

मग गेलो. बारीक झाली आहे. शिंगांचा निळा रंग अजून आहे. मी हाक मारली — वळून बघितलं, परत गव्हाणीत तोंड. त्रिशलाने आमच्यासमोर त्यांच्या दोन्ही गाड्या चालू करून दाखवल्या. काही नाही. मग मी आमची लावली. किक दोनदा हुकली. तिसऱ्याला लागली.

मोनाने मान वर केली. काका खाली बसलेच होते. आधी हातानेच कास चोळली. मग बादलीत पहिली धार वाजली, आणि मग वाजतच राहिली. फेस वर आला, दुसरी बादली आणली. अण्णासोंनी हात जोडले, कुणाला ते कळलं नाही.

काका कपाळ तिच्या कुशीला टेकवून धार काढत होते. त्यांचं तोंड मला दिसलं नाही. बरं झालं.

नंतर अण्णासो म्हणाले, "हे बगा, दोन वाटा हाईत. म्हस परत न्या, माझी काय तक्रार न्हाई. न्हाईतर गाडी ठेवून जावा. जबरदस्ती न्हाई."

काका म्हणाले, "गाडी तुझ्या बापाची. तू बोल."

परत नेऊन बांधणार कुठे? तिसऱ्या मजल्यावर? मी त्रिशलाला विचारलं, "चोक ओढून किक मारायची, माहीत आहे?"

"मी ट्रॅक्टर चालवते."

"तरी सांगतो. थंडीत दोनदा हुकते, घाबरायचं नाही. धार पुरी होईपर्यंत बंद करायची नाही. आणि पळवायचं झालं तर आरशात बघायचं, मागे वळायचं नाही."

"वळण आलं तरी?"

"तरी."

ती म्हणाली, "पळवायला आम्हाला कुठं येळ हाय?" पण आरसा मात्र तिने तिच्या उंचीला लावून घेतला.

येताना एसटी. काका खिडकीशी झोपले. मी खिशात चावी चाचपत होतो. सारखा हात जायचा, आणि नसायची.

एक गोष्ट लिहून ठेवतो. दूध गाडीमुळे देते, ते मान्य. पळायची ती माझ्यासाठी. तिथे ती कुणाच्या मागे पळणार नाही. हे मी कुणाला बोललो नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

त्रिशलाने व्हिडिओ पाठवला. उसाच्या मधली वाट. गाडीवर ती, मागे मोना. मान वर, शेपूट वर. पाडव्याला पळाली त्याहून जोरात.

मी परत परत बघितला. मग काकांना दाखवला. त्यांनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला.

"आन् आपल्याला वाटायचं, आपल्या मागं पळती," म्हणाले, आणि हसले. या घरात पहिल्यांदा.

मीही हसलो. थोडा उशिरा.