बिनकागदी आल्याची हकिगत

काठमांडू,
फागुन अखेर

तीर्थरूप भिनाजुंच्या चरणी,

दिदीच्या धाकट्या भावाचं लांबूनच पायांवर डोकं. (जवळ येऊन ठेवायची सध्या हिंमत नाही.) आपली तब्येत, गुडघा, दुभती म्हैस आणि शेजाऱ्याशी चाललेलं बांधाचं भांडण ही सगळी मंडळी सुखरूप असावीत. इकडे माझं पित्त आणि घरमालकाचं पाणी न सोडणं नेहमीप्रमाणे चालू आहे. आपण सारखे फोन करता आणि मी उचलत नाही. फोन बिघडलाय असा निरोप मी भाच्याकरवी धाडला होता, तो खोटा. आपण एकच विचारणार, ‘टंकनाथ, माझं आलं कुठंय?’ आणि त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून लिहितो.

दसैंच्या सणाला मी इलामला आपल्या हातून कपाळी टीका लावून घ्यायला आलो, मटणावर आडवा हात मारला आणि त्याच तोंडानं बढाया मारल्या, ते आपल्याला आठवत असेलच. आपल्या देशानं परदेशांशी व्यापाराच्या नव्या डिजिटल नियमांवर सही केली होती : कॉम्प्युटरवरचा दाखला कागदाइतकाच खरा आणि कॉम्प्युटरवरची सही शाईइतकीच पक्की. सही करून झाल्यावर हे नियम अमलात कसे आणायचे ते कोणालाच ठाऊक नाही असं निघालं. मग परदेशातून मदतीचा प्रकल्प आला आणि मंत्रालयात त्या दिवशी जो रजेवर होता त्याच्या गळ्यात पडला. (माझी दाढ दुखत होती.) पहिला बिनकागदी ट्रक आपल्या आल्याचा निघावा, दारात येऊन आलं विकत घेणाऱ्या साहूला या वर्षी नकार द्यावा आणि माल थेट सिलिगुडीच्या व्यापाऱ्याला पाठवावा, ही अक्कल माझी. दिदी चुलीपाशी बसून म्हणाली होती, ‘‘टंके, साहू लबाड आहे, पण डोंगर चढून येतो तरी. तुझा कॉम्प्युटर येणारे का पोती उचलायला?’’ आपण तिला गप्प केलंत. पुढे ट्रक भरेना, तेव्हा तिनं गोठ्यामागच्या खड्ड्यात लागवडीसाठी पुरून ठेवलेलं बेणंही आपण तिच्या नकळत पोत्यांत घातलंत, तेही माझ्याच सांगण्यावरून. सिलिगुडीचे पैसे आले की याच्या दुप्पट बेणं घेऊ, असं मी म्हणालो होतो. त्या दिवसांत मी फार बोलत होतो.

मदतीला आलेल्या बाईंचं नाव आनेके. मनानं अगदी साध्या. गुन्द्रुकची आंबट भाजी मागून खातात आणि शिपायालाही दोन्ही हात जोडून नमस्ते करतात. त्यांनी मोठ्या हॉटेलात आम्हाला इतक्या वेळा शिकवलं की हॉटेलचे वाढपीसुद्धा आता डिजिटल सहीबद्दल बोलू शकतात. आल्याला कीड नसल्याचा दाखला कॉम्प्युटरवर चटकन उमटला, त्याच्याशेजारी हिरवी खूण आली आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ट्रकला झेंडूचे हार आणि एक भलामोठा कापडी फलक बांधला. (फलक काचेवर आल्यामुळे ड्रायव्हरला रस्ता दिसेना. पहिल्या वळणानंतर त्यानं तो सोडून सीटखाली टाकला. फोटो मात्र आधीच निघाला होता.)

सीमेच्या नाक्यावर कस्टमच्या अधिकाऱ्यानं दाखला उघडला, वरून खाली वाचला, खालून वर वाचला आणि मला फोन केला. ‘‘दाखला बरोबर आहे हो. सहीपण बरोबर. पण वरच्यांचा शेरा कुठंय? उद्या चौकशी लागली तर मी काय ही हिरवी खूण दाखवू?’’ भिनाजु, त्याला दोष देता येत नाही. समासात साहेबाचा शेरा नसलेला कागद आमच्याकडे कोणी चिमट्यानंही उचलत नाही. मी आमचे सहसचिव घिमिरे सर यांच्याकडे धावलो. सरांनी आयुष्यात कुठल्या कागदाला नाही म्हटलेलं नाही, आणि होही म्हटलेलं नाही. प्रत्येक समासात ते तिरक्या अक्षरांत ‘नियमानुसार करणे’ एवढंच लिहितात. (याचा अर्थ काय, हे विचारणारा उद्धट माणूस आमच्या खात्यात अजून भरती झालेला नाही.) सर लगेच तयार झाले. पेन उघडून कॉम्प्युटरकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘लिहू कुठं? याला समासच नाही.’’

आनेके बाई म्हणाल्या, कायद्यानं शेऱ्याची गरजच नाही. सर म्हणाले, ‘‘शेरा नको असं कायद्यात कुठं लिहिलंय?’’ बाईंनी सगळा कायदा पुन्हा वाचला. खरंच लिहिलेलं नव्हतं. तेव्हा कॉम्प्युटरला समास जोडायचं ठरलं, आणि तो डावीकडे असावा की उजवीकडे यासाठी समिती बसली. इकडे ड्रायव्हरचे फोन. ‘‘टंकनाथदाइ, पोत्यात हात घातला तर चटका बसतोय. आतून वाफा येतायत.’’ ताडपत्री काढ म्हणालो. ‘‘कालच काढली. गाई येतात, वास घेतात आणि निघून जातात.’’ मी शेवटी दाखला छापला, त्यावर सरांचा शेरा शाईनं घेतला आणि रात्रीच्या बसनं स्वतः नाक्यावर गेलो. अधिकाऱ्यानं शेरा आदरानं वाचला, कपाळाला लावायचाच बाकी ठेवला, आणि कागद परत दिला. म्हणाला, ‘‘हा ट्रक बिनकागदी म्हणून नोंदलाय. याला कागद कसा घेऊ?’’

समास यथावकाश तयार झाला. सरांनी सगळ्या खात्याच्या देखत एका बोटानं शेरा टाइप केला, टाळ्या पडल्या, आणि अधिकाऱ्यानं उठून स्वतः फाटक उघडलं. पलीकडे भारताच्या तपासनिसानं एक पोतं सोडलं, नाकाला रुमाल लावला आणि ट्रक परत धाडला. त्याचं काहीही चुकलं नाही. कोंब काळे पडले होते, बुरशी चढली होती, पोत्यांतून पाणी गळत होतं. परत येताना कळलं की आता हा परदेशातून येणारा माल, त्याला आयातीचा दाखला हवा. तो मात्र झटक्यात मिळाला, कारण समास तयार होता. (प्रकल्पाच्या अहवालात आता एक निर्यात आणि एक आयात अशा दोन यशस्वी नोंदी आहेत.) नदीकाठी ट्रक रिकामा केला. बेण्याची पोती आपण वेगळी, दुहेरी सुतळीनं शिवली होती, ती मला ओळखू आली. मी कडेला बसून रडलो. ड्रायव्हरनं पाणी देत विचारलं, ‘‘दाइ, तुमचं होतं का आलं?’’ मी हो म्हणालो. तसं म्हणायचा मला काडीचा हक्क नव्हता.

आणखी काय लिहू? थंडी ओसरते आहे, तरी गुडघा जपावा.

आपला अभागी मेहुणा,
टंकनाथ

ता. क. प्रकल्पाचा समारोप चैतात आहे. अहवालात आपण ‘पहिले यशस्वी बिनकागदी निर्यातदार’ आहात, तेव्हा दौरा-सुरुवालचा पोशाख आणि ढाका टोपी घालून यावं आणि व्यासपीठावरून दोन शब्द बोलावेत. आल्याचं पुढे काय झालं हे कोणी विचारणार नाही. अजूनपर्यंत कोणीही विचारलेलं नाही.

आणखी ता. क. समारोपाला नाही आलात तरी चालेल, खरं काम हे आहे. लागवड तोंडावर आली. दिदी खड्डा उकरेल त्याआधी कुठूनही, कसंही बेणं मिळवून त्यात भरा आणि वर होती तशी माती अन् पालापाचोळा पसरा. लागेल तो खर्च मी देईन. तिला यातलं अक्षरही कळता कामा नये. हे पत्र वाचून लगेच चुलीत घाला.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवत होतो तर बायको म्हणाली, भिनाजुंच्या डोळ्याचं ऑपरेशन परवाच झालंय, पट्टी आहे, पत्र वाचून कोण दाखवणार? दुसरं पत्र लिहायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. म्हणजे दिदी, एव्हाना तू हे सगळं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलंयस. त्यांना काही बोलू नकोस, त्यांनी तुझ्या भावावर विश्वास ठेवला एवढंच. खड्डा उकरू नकोस, दिदी. आत नुसती माती आहे.