गाडीच्या पोटातली टाचणी

अण्णा, गाडी मी मोडली नव्हती. हे वाक्य मी पंचेचाळीस वर्षं मनात घोळवते आहे, आणि आता पुराव्यासकट म्हणायची वेळ आली तर ऐकायला तुम्ही नाही. तुमचं हे नेहमीचंच. वाद रंगात आला की तुम्ही टॉवेल घेऊन आंघोळीला जायचात.

यंदा भाऊबीजेला धाकटा इथे प्रभादेवीला आला. ओवाळून झाल्यावर त्यानं पाकिटाऐवजी गाडीची तुमची पत्र्याची पेटी पाटाशेजारी ठेवली आणि म्हणाला, "घे, तूच मोडलीस, आता तूच सांभाळ." दर भाऊबीजेला तो हे एकदा तरी म्हणतोच. गाडी बंद पडली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. 'ताईनं गाडी मोडली' हे त्यानं बहुधा बाराखडीच्या आधी पाठ केलं असावं. आमचे हे हसतात, मीही हसते. पण अण्णा, मला ते दर वर्षी लागतं. छप्पन्न वर्षांच्या बाईला लागू नये, तरी लागतं.

फोर्टातल्या कचेरीतल्या साहेबानं मायदेशी परतताना तुम्हाला दिलेली ती विजेची आगगाडी. काळं इंजिन, तीन डबे, पत्र्याचे रूळ आणि घूं घूं करणारा ट्रान्सफॉर्मर. गिरगावातल्या आपल्या दोन खोल्यांत ती दिवाळीच्या सुट्टीतले चारच दिवस धावायची. खाटेखालून निघायची, कपाटाला वळसा घालायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वळून परत खाटेखाली. आम्ही दोघं पाय वर घेऊन खाटेवर बसलेले. आई चकल्यांचं ताट हातात घेऊन उंबऱ्यापलीकडे उभी, कारण गाडी जाईपर्यंत कुणी ओलांडायचं नाही. आणि खटका फक्त तुमच्या हातात. दसऱ्याला मात्र ती पेटीतून निघायची नुसती पूजेसाठी. तुमचं फाउंटन पेन, आईचं शिवणयंत्र आणि इंजिन, तिघांना हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि वर मूठभर अक्षता. मूठभर म्हणजे खरोखरच मूठभर. देवाच्या बाबतीत तुमचा हात सढळ होता.

त्या वर्षी सहामाहीत मी वर्गात पहिली आले. पाडव्याच्या सकाळी तुम्ही रूळ जोडले, इंजिन ठेवलं, आणि दसऱ्यानंतरची ती पहिलीच फेरी असताना म्हणालात, "ये, आज तू चालव." मला अजून खटक्याचा गारवा बोटांना आठवतो. मी तो हळूच फिरवते, इंजिन हातभर पुढे जातं, कर्र वाजतं, थांबतं. तुम्ही माझा हात बाजूला करता. पुन्हा फिरवून बघता. नुसतं घूं घूं. आणि मग, माझ्याकडे न बघता, आईला सांगितल्यासारखं म्हणता, "मुलीच्या हातात द्यायलाच नको होती."

बस. ना चौकशी, ना तपास. चोर सोडून संन्याशाला फाशी. तुम्ही मारलं असतंत तर मी चार दिवसांत विसरले असते. त्या वाक्यावर मात्र मी सबंध आयुष्य काढलं. हट्टानं इलेक्ट्रिकलला गेले. परळच्या एका इस्पितळात तीस वर्षं लिफ्टच्या नि पंपाच्या मोटारी सांभाळल्या, हाताखालच्या पुरुषांची तोंडं बंद केली. पहिला पगार झाला त्या दिवाळीत पेचकस घेऊन तुमच्यासमोर बसले आणि म्हटलं, आता तरी उघडू द्या. तुम्ही पेपरातून डोकं वर काढलं नाहीत. "एकदा उघडलं की पहिल्यासारखं बसत नाही," म्हणालात. मला वाटलं, पोरीवर भरवसा नाही, दुसरं काय.

गेल्या आठवड्यात एका दुपारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर घातली आणि इंजिन उलटं केलं. पोटाचं झाकण दोन स्क्रूंवर होतं. एक स्क्रू गंजलेला होता. त्याला तेल पाजून, शिव्या घालून, तासभर घाम गाळून सोडवला. मग झाकण निघालं. आत दोन चाकांच्या दातांमध्ये तांदळाचा एक दाणा. कुंकवानं लाल झालेला, तिथेच चिरडलेला. तुमची अक्षत, अण्णा. मी एकटी टेबलाशी बसून मोठ्यानं हसले आणि लगेच फोन उचलला, धाकट्याला सांगायला.

नंबर लावण्याआधी दुसरा स्क्रू शोधला, हरवू नये म्हणून. तो नव्हताच. त्याच्या जागी वाकवून, पीळ देऊन बसवलेली टाचणी होती. मी झाकण काढताना ती गंजकी तार समजून बाजूला सारली होती. आपल्या घरात तुटलेल्या वस्तूंवर एकच औषध होतं, हेडक्लार्कचं. तुमच्या चष्म्याच्या दांडीत टाचणी, आईच्या पर्सला टाचणी, कॅलेंडरला टाचणी. म्हणजे तुम्ही गाडी उघडली होतीत. स्क्रू हरवलात, दाणा बघितलात, आणि तो तसाच ठेवून झाकण लावलंत. दुसऱ्या एका टाचणीनं तो क्षणात निघाला असता! पण मग गाडी चालली असती, आणि अकरा वर्षांच्या पोरीला सांगावं लागलं असतं की चूक बापाची होती. त्यापेक्षा आगगाडी कायमची बंद ठेवणं तुम्हाला सोपं वाटलं. एवढं जड होतं का हो ते? मी तर एका शब्दात माफ केलं असतं. तेव्हा केलं असतं. आता करवत नाही, कारण वर्षानुवर्षं तुम्ही धाकट्याचं ते वाक्य ऐकत समोर बसला होतात आणि लाडू खात होतात.

दाणा काढला, गेअरला तेल दिलं, रूळ घासले. रविवारी धाकटा आला. गाडी सोफ्याखालून निघाली, फ्रीजला वळसा घालून परत आली. तो जमिनीवर मांडी घालून बसला, पन्नाशीचा माणूस, आणि तीन फेऱ्या डब्यांमागे मान वळवत राहिला. मग म्हणाला, "काय झालं होतं गं हिला?"

दाणा माझ्या ड्रॉवरमध्ये होता, कुंकवाच्या करंड्यात. चार पावलांवर. नुसता आणून त्याच्या तळहातावर ठेवायचा होता. "मोटारीतला कार्बन झिजला होता," मी म्हटलं. "कुणाच्याही हातात बंद पडली असती."

"मग अण्णांनी तेव्हा बघितलं कसं नाही?"

"अण्णांना काय कळतंय मोटारीतलं."

तो हसला, म्हणाला, तेही खरंच. माझी सुटका झाली आणि तुमचीही, पण तुमची मी खोटं बोलून केली. त्या खोट्याचा मला दाण्यापेक्षा जास्त राग आहे. हा कागद पेटीत, रुळांच्या खाली ठेवते आहे. आणि एक राहिलं. त्या मापाचा नवा स्क्रू माझ्या डब्यात होता. झाकण लावताना हातात घेतलाही होता. तरी टाचणीच परत बसवली. वळणावर खडखडते.